सवतीचा सायलेन्सर

देवघरातल्या निर्माल्यासारखे काही किस्से साठत जातात. फेकवत नाहीत, ठेवावे तर परडी भरून वाहते. आमच्या भजनी मंडळात टाळ खाली ठेवले की कुणीतरी म्हणतंच, "वहिनी, सायकलचं सांगा ना!" मग भजनापेक्षा किस्सेच जास्त रंगतात. देव रागावत नसावा. त्यालाही ऐकायचं असणार!

तर, आमच्या ह्यांनी जुन्या सायकलला इंजिन बसवलं. गोराईचा पीटर ह्यांचा ऑफिसातला मित्र. इंजिनाचं किट त्यानेच मिळवून दिलं. सायकल मस्त चालायची, शिलाई मशीनसारखा बारीक आवाज करायची. पण ह्यांना तेवढ्यावर समाधान कुठलं! ह्यांनी ऑनलाइन दुसरा सायलेन्सर मागवला. चकचकीत, मध्ये पोट फुगलेला. "पिकअप वाढतो गं," म्हणाले.

पिकअपचं माहीत नाही, पण पहिल्यांदा चालू केली तेव्हा बोरिवलीची निम्मी कबुतरं दहिसरला गेली!

संध्याकाळी दिवा लावून झाला की आम्ही दोघं फिरायला जायचो. खारे दाणे घ्यायचे, बागेतल्या बाकावर बसायचं. दिवसभरात तेवढा एक तास माझा. सायलेन्सर आला आणि तो तास पार्किंगमध्ये गेला.

"अहो, येताय ना?"

"पाचच मिनिटं!"

वरच्या मजल्यावरची माझी मैत्रीण सुलभा जिन्यातूनच ओरडली, "अगं, पाच मिनिटं कसली? सवत आणलीय तुझ्यावर!"

मी हसले. पण रात्रीच्या भाजीत मीठ दोनदा पडलं.

*

ह्यांनाही आवाज जास्तच वाटत होता. पीटर म्हणाला, "आत काहीतरी भरायला लागेल. आवाज शोषून घेईल आणि आगीत जळणार नाही, असं काहीतरी."

ह्यांनी डोकं लढवलं. समईत रोज वात पेटते. पण जळतं ते तेल, कापूस कुठे लगेच जळतो? झालं! देवघरातला माझा वातींचा कापूस, लक्ष वातींच्या संकल्पासाठी आणून ठेवलेला, सगळाच्या सगळा त्या फुगीर पोटात गेला.

सायकल चालू झाली. आधी पांढरा धूर, मग पिवळा, मग पार्किंग दिसेनासं झालं. सोसायटीचे सेक्रेटरी गोखलेकाका नाकाला रुमाल लावून जिन्यात आले.

"वहिनी, आज होम आहे का तुमच्याकडे? प्रसाद कधी मिळेल?"

दुसऱ्या दिवशी माझ्या भांडी घासायच्या तारेच्या घासण्या गायब! त्या मात्र जळल्या नाहीत. त्यांच्यामुळे सवतीचा आवाज निम्म्यावर आला. मी सुलभाला म्हटलं, "बघ, सांगून ठेवते, तिचा गळा माझ्या घासणीने बसलाय!"

*

निम्मा आवाजसुद्धा गोखलेकाकांना पुरला. त्यांनी ह्यांना खाली बोलावून सांगितलं, "महिनाभर देतो. आवाज पूर्ण बंद, नाहीतर सायकल सोसायटीच्या बाहेर."

खरं सांगते, माझ्या मनात लाडू फुटले.

मी देवापुढे बसले आणि अडचण लक्षात आली. नवऱ्याचं वाईट मागता येत नाही. सवतीचं भलं मागवत नाही. मग मागायचं काय? शेवटी हात जोडून म्हटलं, "बाप्पा, माझ्या मनात काय आहे ते तुला ठाऊक आहे. मी तोंडाने बोलत नाही. तूच समजून घे!"

तेवढ्यात ह्यांनी दारातून डोकं आत घातलं. "अगं, उद्या संकष्टी ना? सायलेन्सरसाठीपण जरा माग की."

बाप्पाच्या देखत नाही कसं म्हणणार! "मागते," म्हटलं. मग मागावंच लागलं.

सुलभा म्हणाली, "कमाल आहे यार तुझी! उपास तुझा, फळ तिला?"

*

त्याच संकष्टीची गोष्ट. मी वर मोदक वळत होते. खाली हे आणि पीटर इंजिनाशी झटत होते. नवा सायलेन्सर लावला की पेट्रोल आणि हवा पुन्हा नव्याने जुळवावी लागते म्हणे. हे स्क्रू पिळायचे, पीटर मूठ फिरवायचा, दोघं एकमेकांकडे बघायचे. चेहरे असे, की जणू पेशंट आयसीयूत आहे.

मी खिडकीतून ओरडले, "अहो, अजून खाकरतेय ती! पेट्रोल जास्त पितेय, कमी करा!"

ह्यांनी अर्धा आटा फिरवला. खाकरणं थांबलं. एकसारखा सूर लागला.

पीटर वर बघतच राहिला. "वैनी, तुम्हाला कसं काय कळलं?"

"सवतीची चाहूल बायकोला पहिली लागते रे, पीटर!"

हे मात्र डोळे मिटून ऐकत होते. म्हणाले, "अहाहा! काय गोड बोलतेय!"

माझ्या हातातला मोदक फुटला. लग्नाला इतकी वर्षं झाली, 'गोड' हा शब्द ह्यांच्या तोंडून मी एकदाच ऐकला होता. मी लाजलेसुद्धा होते. मागून कळलं, ते शिऱ्याबद्दल बोलत होते!

*

सूर लागल्यावर आवाज आणखी उतरला. त्याने एक वेगळीच पंचाईत झाली. पूर्वी ह्यांची सायकल नाक्यावर वळली की घरातली भांडी थरथरायची आणि मी चहा टाकायचे. आता हे येऊन उभे राहिले तरी पत्ता लागेना.

एके संध्याकाळी मी दाराकडे पाठ करून सुलभाशी फोनवर बोलत होते. "मेली कधी एकदा घरातून जातेय असं झालंय मला!"

मागून आवाज आला, "कोण गं?"

फोन हातातून पडायचाच बाकी होता. तोंडातून निघालं, "पाल!"

"पाल? कुठे?"

"इथेच... फडताळामागे."

ह्यांनी पँटही न बदलता झाडू घेतला. मी बॅटरी धरली. फडताळ सरकवलं, गॅसची शेगडी उचलली, डबे खाली काढले. मध्येच हे म्हणाले, "हा डबा अजून आहे? आपण पहिल्या दिवाळीला घेतला होता ना?" मग त्या दिवाळीच्या गोष्टी निघाल्या. पाल काही सापडेना!

पूर्ण तासभर आम्ही दोघं नसलेली पाल शोधत होतो. इतकं छान वाटलं म्हणून सांगू!

दुसऱ्या दिवशी मीच म्हटलं, "अहो, परत दिसल्यासारखी वाटली."

"उद्या बघू," म्हणाले, आणि पार्किंगमध्ये गेले.

*

आता शेवटचं. महिना संपत आला होता. आवाज जवळजवळ गेला होता, पण जोरात पळवली की नळीचा पत्रा झणझणायचा. गोखलेकाका म्हणाले, "रविवारी मी स्वतः ऐकणार. एवढीशीसुद्धा झणझण आली तर सायकल गेटबाहेर!"

तो रविवार नेमका वटपौर्णिमेचा.

आम्ही सगळ्याजणी नऊवारी नेसून, नथी घालून, कोपऱ्यावरच्या वडाला गेलो. सूत गुंडाळत फेरे घेतले. सुलभा कानात म्हणाली, "नीट माग गं. सातही जन्म हाच नवरा, पण सायकलशिवाय!" मी खरंच तसं मागितलं. नवऱ्याचं वाईट कुठे होतं त्यात?

ताटं घेऊन आम्ही सोसायटीच्या गेटात शिरलो आणि सगळ्या जागच्या जागी थांबलो.

पार्किंगमध्ये सायकल स्टँडवर उभी. गोखलेकाका खुर्ची टाकून बसलेले. आणि आमचे हे सायकलपाशी उकिडवे बसून सायलेन्सरच्या नळीला पांढरी पट्टी गुंडाळत होते. पीटरने आणून दिलेली, उष्णतेत न जळणारी. ओली करून, ताणून, एकावर एक वेढे. एवढ्या बायका बघतायत याचं त्यांना भान नव्हतं. ओठ पुटपुटत होते, वेढे मोजत होते.

शेवटी सुलभालाच राहवलं नाही.

"भाऊजी, कितवा?"

"सातवा!" ह्यांनी मान वर न करता सांगितलं. मग माझी पावलं दिसली असावीत. "अगं, बरी आलीस. ताट ठेव खाली आणि हे टोक धर. घट्ट धर हं, सुटायला नको!"