नायक कोणत्या तांड्याचा?

जिनिंगच्या काट्यावर बसणारा माणूस कापसाच्या हंगामात मरतो आणि बाकीचे महिने नुसता सडतो. मी पांढरकवड्याला एका जिनिंगमध्ये काट्यावर आहे. हंगामात गाड्यांची रांग हायवेपर्यंत जाते. भरली गाडी चढव, वजन घे, पावती फाड, रिकामी गाडी चढव, वजन घे, पावती फाड. उन्हाळा लागला की मग काटा, कॉम्प्युटर, पंखा आणि मी, असे चौघंच उरतो. अशाच एका उन्हाळ्यात मी त्या कॉम्प्युटरवर एक गेम टाकला आणि माझ्या डोक्यात भुंगा शिरला.

गेम जुना होता, ठिपक्याठिपक्यांच्या चित्रांचा. एक वीर असतो. त्याच्या गावची नदी एका ड्रॅगननं वर डोंगरात अडवलेली असते आणि वीर ती सोडवायला निघतो. वाटेत भुयारं, जादूगार, बोलणारी झाडं, आणि पावलापावलावर मारायला काही ना काही. जितकं मारावं तितकी वीराची ताकद वाढते. सगळं इंग्रजीत. अर्धं कळायचं, अर्धं मी मनानं लावायचो. शेवटी ड्रॅगन समोर आला की गेम विचारतो, मारू की सोडू? मी एकदा मारून पाहिलं, एकदा सोडून पाहिलं. आणि नेमका त्याच आठवड्यात मालकानं कॉम्प्युटर बदलला. जुना गेला भंगारात. माझा वीर, त्याच्या सतरा तलवारी, त्याचा निळा झगा, सगळं भंगारात. बाप्पा, मला दोन दिवस घास गेला नाही. घरी सांगणार तरी काय, की माझा एक ठिपक्यांचा माणूस वारला?

तिसऱ्या दिवशी डोकं सणकलं. म्हटलं, गेला तर गेला लेकाचा, मी त्याची कादंबरी करतो. चुकलेल्या पावत्यांचा गठ्ठा पडला होता, त्यांच्या कोऱ्या बाजूवर सुरुवात केली. पहिलं वाक्य लिहिलं, 'आपल्या नायकाने खड्ग उपसले.' आणि एवढा खूष झालो की उठून काट्यावर जाऊन उभा राहिलो. वजन साठ किलो भरलं. लेखकाचं वजन, म्हटलं.

पण गेम खेळणं वेगळं आणि लिहिणं वेगळं, हे चौथ्या पावतीला कळलं. गेममध्ये मी एका दलदलीत दोनशे बेडूक मारले होते, ताकद वाढवायला. कादंबरीत पहिला बेडूक मारला तेव्हा मजा आली. अकराव्याला मलाच झोप यायला लागली. वीर कोणाच्याही घरात न विचारता शिरायचा, मडकी फोडायचा, पेटी उघडून सोनं घ्यायचा, आणि घरमालक समोर उभा राहून 'आज हवा छान आहे' म्हणायचा. तलवारीचा घाव छातीत घेऊन खाणावळीत झोपला की सकाळी ठणठणीत. खेळताना यातलं काहीच खटकलं नव्हतं. लिहिलं की वाचणाऱ्यानं मला भैताड म्हटलं असतं. तरी मी लिहीतच होतो, कारण अंगात आलं होतं.

आता माझ्या बाबद्दल, म्हणजे बापाबद्दल, सांगतो. आम्ही बंजारा, तांड्यातले लोक. पूर्वजांनी बैलांच्या पाठीवर मीठ, धान्य वाहून गावोगाव पोचवलं, आम्ही आता सोयाबीन-कापूस करतो. बा आमच्या तांड्याचा नायक आहे. पुस्तकातला नायक म्हणजे हिरो, तांड्यातला नायक म्हणजे तांड्याचा प्रमुख. भांडण, सोयरीक, वाटणी, जे असेल ते त्याच्यासमोर यायचं. मोठी गोष्ट असली तर सारा तांडा निवाड्याला बसायचा, त्याला आम्ही नसाब म्हणतो. पण आता ते सरलं. भांडण झालं की लोक सरळ ठाण्यात जातात, नाहीतर वकिलाकडे. लग्नात बाला पहिलं पान मिळतं, रामराम होतो, तेवढंच. चार-पाच वर्षांत त्याच्यासमोर एकही भांडण आलं नव्हतं. तरी तो रोज चार वाजता धुतलेला सदरा घालून ओट्यावर बसायचा. तोंडानं कधी काही बोलला नाही. मला मात्र ते पाहून आतून तुटायचं, आणि करता तर काहीच येत नव्हतं.

एका संध्याकाळी मी त्याच ओट्यावर बसून लिहिलेलं मोठ्यानं वाचत होतो, वाक्य कानाला कसं लागतं ते पाहायला. 'आपला नायक एकटाच त्या घनदाट अरण्यात शिरला.' बा बाजेवर आडवा होता. तो उठून बसला. बा आमच्या गोरबोलीतच बोलतो, मी इथं त्याची वऱ्हाडी करतो.

"कोणत्या तांड्याचा नायक हाय?"

मी सांगायला तोंड उघडलं की बा, हा तसा नायक नाही. पण त्याचं तोंड पाहिलं. कितीतरी दिवसांनी त्याला कशाची तरी चौकशी करावीशी वाटली होती. मी म्हटलं, लांबचा आहे, डोंगराकडचा.

"आन् एकटा कायले गेला? तांडा कोणाच्या भरवशावर सोडला त्यानं?"

दोनशे बेडूक मारताना हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता.

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी बा ऐकायचा आणि माझ्या नाकी नऊ आणायचा. नायक दुसऱ्याच्या घरात शिरून मडकी फोडतो? मग त्याला नायक कोणी केलं, त्याला आधी दंड करा. सतरा तलवारी अंगावर घेऊन चालतो कसा? हे विचारलं माझ्या याडीनं, म्हणजे आईनं, चुलीपाशी बसल्या बसल्या. मी सांगितलं की गेममध्ये एक झोळी असते, तिच्यात काहीही मावतं. याडीनं मान हलवली. तिचं म्हणणं, झोळी कितीही मोठी असली तरी खांदा एकच असतो, त्याला बैल दे. मी हसलो, आणि दुसऱ्या दिवशी काट्यावर बसून त्याला बैल दिला. बैल दिला तर चारा आला, चारा आला तर मुक्काम आला, मुक्काम आला तर स्वयंपाकाला बायका आल्या, राखणीला कुत्रे आले, हिशोबी डोक्याचा एक कारभारी आला. आठ दिवसांत माझ्या वीरामागं चाळीस बैल आणि अख्खा तांडा चालत होता. कादंबरी अशी सुसाट निघाली की मी जेवायचा डबा तसाच परत आणायला लागलो. बोलणाऱ्या झाडाशी तांड्यातल्या बायका भांडल्या आणि जिंकल्या. जादूगारानं एका बैलाचा दगड केला, तर कारभाऱ्यानं त्याच्याकडून बदल्यात दोन बैल वसूल केले. मी लिहायचो आणि एकटाच खो खो हसायचो. जिनिंगचा चौकीदार मला उन्हात कमी फिरत जा म्हणाला.

आणि मग ड्रॅगन आला आणि घोडं पेंड खायला लागलं. मारू की सोडू? गेममध्ये दोन्ही करून पाहता येतं. कादंबरीत एकच काहीतरी लिहावं लागतं. चार दिवस मी एक अक्षर लिहिलं नाही. पाचव्या दिवशी बाला सरळ विचारलं, तू नायक आहेस, तूच सांग काय करू.

बानं आधी सदऱ्याची बटणं लावली. मग म्हणाला, "असा निकाल नायक एकटा देत नाही. नसाब बसवा लागते. दोन्हीकडचं आयकलं पाह्यजे."

मला वाटलं गंमत करतो आहे. तो अजिबात गंमत करत नव्हता. त्यानं याडीला फेटा काढायला सांगितला आणि मला निरोप द्यायला पाठवलं. मी घरोघरी काय सांगणार, की ड्रॅगनचा निवाडा आहे? लाजेनं मी एवढंच म्हटलं, रविवारी चार वाजता नायकानं बोलावलं. झालं. कोणाची तरी पोरगी पळाली असं समजून अर्धा तांडा आला, आणि तो अर्धा काहून गेला हे पाहायला उरलेला अर्धा आला.

कडुनिंबाखाली सगळे बसले. बा फेटा बांधून मधोमध. मी उभं राहून भानगड सांगितली. आधी कोणालाच काही उमगेना, मग हशा पिकला, आणि मला वाटलं आता माझ्यापायी बाचं हसं होणार. पण बा हसला नाही. त्यानं दोन्ही बाजूंनी कोण बोलणार ते विचारलं, आणि हळूहळू हशा थांबला. वीराच्या गावाची बाजू आमच्या तांड्याच्या म्हाताऱ्या कारभाऱ्यानं घेतली. डगरनच्या बाजूनं बोलायला मी. ड्रॅगन हा शब्द बाच्या तोंडात बसत नव्हता, त्यानं डगरन केलं, आणि पाच मिनिटांत साऱ्या तांड्यानं तेच केलं.

कारभाऱ्यानं विचारलं, डोंगराचा सातबारा डगरनच्या नावावर आहे काय? मी म्हटलं, नाही, ती वनजमीन आहे. तर मागून कोणीतरी म्हणालं, मग तोही आपल्यासारखा अतिक्रमणातच आहे, आणि तिथून निम्मे लोक डगरनच्या बाजूला सरकले. गुरं किती खाल्ली, नदी कोणत्या महिन्यात अडवली, आधी कोणी सांगून पाहिलं होतं काय, एकेक प्रश्न निघाला. लोक बाह्या सावरून भांडायला लागले. एका म्हाताऱ्या बाईनं, ती आतापर्यंत तंबाखू मळत होती, मला विचारलं की त्यानं नदी अडवली तरी काहून. बिनाकारण कोणी पाणी अडवत नाही.

मला एकदम आठवलं. गेममध्ये नदीच्या कोरड्या पात्राखालच्या एका भुयारात तीन मोठी अंडी सापडली होती. मी ती उचलली आणि बाजारात विकून तलवार घेतली. डोंगरावर ड्रॅगन त्याबद्दलच काहीतरी इंग्रजीत ओरडत होता आणि मी घाईघाईनं बटणं दाबून ते पुढं ढकललं होतं.

मी सांगून टाकलं, पात्राखाली त्याची अंडी होती, ती बुडू नयेत म्हणून अडवली, आणि ती अंडी विकली गेली.

"कोणी विकली?" बानं विचारलं.

"म्या," मी म्हटलं.

असा हशा मी आयुष्यात ऐकला नाही. कारभारी हसता हसता खोकायला लागला, त्याच्या पाठीवर थापा मारायची वेळ आली. म्हातारी मात्र हसली नाही. ती बाला म्हणाली की डगरन बाईमाणूस आहे, माय आहे, आता काय तो निकाल दे.

बा उठला. त्यानं निकाल दिला, आणि त्याचा आवाज कुठंच अडखळला नाही. अंडी विकणाऱ्यानं सगळ्यांसमोर आधी माफी मागावी. मग डगरननं पाणी सोडावं. आणि खाल्लेल्या गुरांच्या बदल्यात तिनं वर्षभर तांड्याचं मीठ आपल्या पाठीवर डोंगरापलीकडे न्यावं. मंजूर? सगळे मंजूर म्हणाले. मी हात जोडून माफी मागितली आणि डगरनच्या वतीनं मीच ती कबूल केली. याडीनं सगळ्यांना गूळ दिला. जाताना लोक त्या निकालावरच बोलत होते. दोघं-तिघं बाच्या पाया पडून गेले, आणि ते गमतीत पडत नव्हते.

सगळे गेल्यावर बा ओट्यावर बसून फेट्याची घडी करत होता. मी बाजूला बसलो. आनंदानं मला काही सुचत नव्हतं. शेवट मिळाला होता, असा की गेम बनवणाऱ्यालाही सुचला नसता. कधी एकदा लिहितो असं झालं होतं.

"तुह्या त्या गेमात," बा घडीकडं पाहत म्हणाला, "आखीन किती भांडणं हायेत?"

गेम भंगारात गेला होता. आणि त्यात होतंच हे एक भांडण.

"लय हायेत, बा," मी म्हटलं. "एकेका गावात चार-चार."

"मंग एकेक करून आण. घाई नोको करू. मी बसूनच राह्यलो इथं."