ओठाला न लागणारा चमचा

ताईंच्या चमच्यावर सुरीची एकही खूण नसायची. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढे सगळं बिनसलं ते ह्यावरूनच.

ताई म्हणजे मोठ्या इस्पितळाच्या टेलिफोनवर बसणाऱ्या बाई. तीस वर्षं कानाला यंत्र लावून ‘थांबा, जोडून देते’ एवढंच बोलल्या. लग्न केलं नाही, आणि का केलं नाही हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. राहायला दोन खोल्या, खाली सुताराचं दुकान. त्याच्याकडचे उरलेसुरले तुकडे ताई वर घेऊन जात आणि सुट्टीच्या दिवशी खिडकीशी बसून चमचे कोरत. सुरुवातीचे चमचे कसले, होडीची वल्हीच ती! सुताराची हसून हसून पुरेवाट झाली. पण हसू आवरल्यावर त्याने एक गोष्ट मात्र मनापासून शिकवली.

“बाई, चमचा डोळ्यांनी बघू नका,” तो म्हणाला. “ओठांनी बघा.”

म्हणजे असं, की सुरीने कोरून झालं की फुटक्या काचेच्या कडेने तो तासत बसायचं. मग डोळे मिटून त्याची कड वरच्या ओठावरून फिरवायची. कुठे जराशी अडली की पुन्हा काच. ओठाला काहीच लागेनासं झालं की चमचा झाला. एकेका चमच्याला दोन-दोन रविवार जात. ताई तो कुणाला तरी देऊन टाकत, आणि ते लोक ‘वा, वा’ म्हणून खणात टाकून विसरून जात. ताईंची त्याबद्दल काही तक्रार नव्हती.

धाकटा भाऊ बाटल्यांच्या कारखान्यात होता. एके दिवशी यंत्राचा पट्टा तुटला आणि सपकन त्याच्या तोंडावर बसला. जबडा मोडला, ओठ फाटला, टाके पडले. स्टीलचा चमचा तोंडाशी नेला की तो धट्टाकट्टा माणूस लहान पोरासारखा रडायचा. ताईंनी रजा काढली आणि एक इवलासा, उथळ चमचा केला. काच फिरवून फिरवून बोटं कापून घेतली. पहिला घास भरवला तेव्हा भावाने डोळे मिटले आणि टाक्यांमधून कसाबसा म्हणाला, “ताई, काहीच लागत नाही गं.” ताईंना आयुष्यात मिळालेलं एवढं एकच प्रशस्तिपत्रक. ते त्यांनी कुणाला दाखवलं नाही, पण जिवापाड जपलं.

भाऊ बरा झाला, पण कारखान्याने त्याला घरी बसवलं. घरात बसून तो बायकोवर चिडचिड करायला लागला, मग भिंतींवर. एकदा सहज म्हणून ताईंचे सहा चमचे घेऊन तो आठवड्याच्या बाजारात बसला आणि दोन विकून आला. दोनच, पण त्याच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी तरतरी दिसली.

“ताई, आपण धंदा करू या,” तो म्हणाला.

ताईंना धंद्याचं काडीचं वेड नव्हतं. भाऊ पायावर उभा राहावा, एवढ्याचसाठी त्यांनी वेळेआधी नोकरी सोडली.

पहिलं वर्ष रडतखडत गेलं. लोक चमचा हातात घ्यायचे, उलटासुलटा करायचे आणि विचारायचे, “मशीनचे ना हे?” भाऊ शपथा घ्यायचा. लोक मान हलवून चमचा खाली ठेवायचे आणि शेजारच्या टेबलावरचे ओबडधोबड, सुरीच्या खुणांनी भरलेले चमचे घेऊन जायचे. इतका गुळगुळीत चमचा माणसाच्या हातून होतो, ह्यावर कुणाचा विश्वासच बसेना!

तोडगा काढला भावजयीने. बाई हुशार, त्यात वाद नाही.

“वन्सं, थोड्या खुणा राहू द्या की. तेवढंच हाताचं वाटेल.”

“ओठाला लागतील.”

“मग पाठीवर मारा. पाठ कोण चाटत बसतंय?”

ताईंना हसू आलं. ते हसू त्यांना फार महागात पडलं.

खुणांचे चमचे हातोहात खपले. मागणी वाढली, ताईंचे दोन हात पुरेनात. भावाने मशीन आणलं. ताईंना महिन्यात जेवढे चमचे होत तेवढे ते चहा पिऊन होईपर्यंत पाडून मोकळं व्हायचं. ताईंना उरलं एकच काम, सुरीने खुणा मारायचं. पाठीवर सात, दांड्यावर पाच. टोपली रिकामी झाली की दुसरी हजर. खोक्यावर छापलं होतं, ‘प्रत्येक चमचा हाताने घडवलेला’. खाली पांढऱ्या दाढीच्या एका म्हाताऱ्याचा फोटो.

“हा कोण?” ताईंनी विचारलं.

“कुणी नाही गं, मॉडेल आहे. लाकडाच्या कामात लोकांचा दाढीवर विश्वास बसतो.”

“मग मी वाढवू का?”

भाऊ खदखदून हसला. ताईही हसल्या, पण ते नुसतं तोंडदेखलं.

धंदा मात्र भरभराटीला आला, हे कबूल करायलाच हवं. शेड झाली, गाडी झाली, भावाचं घर झालं. घर बदलताना तो इवलासा चमचा कुठेतरी हरवला, पण त्याची गोष्ट हरवली नाही. भाऊ ती प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचा, दर खेपेला थोडी अधिक रंगवून. ताईंसाठी त्याने पाठीला आधार देणारी भारीतली खुर्ची आणली. “ताई, तू राणीसारखी बस,” म्हणाला. कुणी ताईंना लुबाडलं नव्हतं, कुणी वाकडा शब्द बोललं नव्हतं. म्हणून तर आतल्या आत चरफडण्यापलीकडे त्यांना काही करता येईना.

मग खालच्या सुताराने दुकान बंद केलं. निरोप घ्यायला तो वर आला आणि पेरूच्या लाकडाचा एक तुकडा ठेवून गेला. ताईंनी दोन रविवार तो तुकडा घेऊन खिडकी गाठली. सुरी, मग काच, मग ओठ. पुन्हा काच. चमचा केला तो त्याच मापाचा, इवलासा, उथळ. त्यांनी मनाशी ठरवलं होतं. हा टोपलीत ठेवायचा. शेवटची तपासणी भाऊ स्वतः करतो, प्रत्येक चमचा त्याच्या हाताखालून जातो. त्याने ओळखला तर सांगायचं, बाबा रे, महिन्याला एक तरी चमचा मला असा करू दे. त्याने ओळखला, तर अजून सगळं गेलेलं नाही.

सोमवारी ताई सात आणि पाच मारत बसल्या होत्या, पण लक्ष सगळं भावाच्या टेबलाकडे. चमचा त्याच्या हातात आला. तो थबकला. त्याने चमचा उलटा केला आणि वर उचलला. ओठावरच्या त्या जुन्या व्रणापर्यंत चमचा आला, आणि तिथून वर, उजेडाकडे गेला.

“ताई, ह्याला खुणा मारायच्या राहिल्या बघ.”

“मापही लहान आलंय,” भावजय डोकावून म्हणाली. “मशीनची चूक दिसतेय. असू दे, पोरांच्या खोक्यात घालू.”

ताईंनी एवढी वर्षं लोकांचं बोलणं जोडून दिलं होतं. स्वतःचं मात्र जोडता येईना. शेवटी जेमतेम एवढंच बाहेर पडलं, “तोंडाला लावून बघ ना एकदा.”

भाऊ हसला. “खुळी का तू? विकायचा माल उष्टा करू?”

त्याने चमचा त्यांच्यापुढे ठेवला आणि तिथेच उभा राहिला, घाईत होता. ताईंनी सुरी उचलली. पाठीवर सात, दांड्यावर पाच. हात कुठेही चुकला नाही, सवयच तशी झाली होती.

भावाने अंगठा फिरवून पाहिला. “आता कसा हाताचा वाटतोय!” तो म्हणाला, आणि त्याने तो दाढीवाल्याच्या खोक्यात घातला.