वेचणीच्या दिवसांत बंद केलेली मागणी

'जुन्या मागण्या' हा शब्द ऐकला की माझं डोकं आजही सटकतं.

त्या काळात मी यवतमाळला कॉलेजात शिकवायची अन् उरलेल्या वेळात पुण्यातल्या एका मित्रासोबत एक फुकटचं सॉफ्टवेअर सांभाळायची. कोणी आपला प्रोग्राम पॅकेज करून जगासाठी ठेवायच्या आधी आमचं साधन ते पॅकेज तपासायचं. प्रोग्राम कोणी कसा वापरावा याचा परवाना लिहिलाय का, फायली जागेवर आहेत का. त्यात पास झाल्याशिवाय पॅकेज पुढे सरकत नसे. वापरणारे आमच्या पानावर मागण्या टाकत, हेही करा, तेही करा. वर्षानुवर्षं त्या साचल्या होत्या.

मित्राला साचलेलं बघवत नसे. एक दिवस त्याने सगळ्या जुन्या मागण्यांखाली एकच मजकूर चिकटवला: अजून गरज आहे का? दोन आठवड्यांत उत्तर न आल्यास बंद करू. अन् खरंच केल्या. फोनवर सांगताना काय तो आनंद! "अगं, पान कसं स्वच्छ झालं बघ."

बघितलं. त्यातली एक मागणी महागावकडच्या तांड्यावरच्या एका मुलीची होती. तिने गोरबोलीचं, म्हणजे बंजारा भाषेचं, शुद्धलेखन तपासणारा प्रोग्राम लिहिला होता, स्वतःच्या डोक्याने. पण आमचं साधन दर वेळी परवान्यांची यादी इंटरनेटवरून आणायचं, आणि तांड्यावर नेट म्हणजे टेकडीवर चढून फोन वर धरायचा. नेटशिवाय तपासता येऊ द्या, एवढंच तिचं म्हणणं. तेवढ्यापायी तिचं पॅकेज अडकलं होतं.

"उत्तर आलं नाही तिचं," मित्र म्हणाला. "म्हणजे गरज नाही."

"अरे बाप्पा, दिवस कोणते आहेत? वेचणीचे! त्यात बोंडअळीनं खाल्लेलं वर्ष. हाती लागंल तेवढा कापूस घरात आणायले अख्खा तांडा वावरात हाय. ती पोरगी बोंडं वेचंल का तुले उत्तर देईल?" रागात माझं पुस्तकी मराठी उडून जातं.

"तसं सांगायचं ना मग तिने."

"कोणाले? वावरातल्या कापसाच्या पऱ्हाटीले?"

"हे बघ, नियम सगळ्यांना सारखा."

सारखा म्हणे! ज्याच्या घरची लाइट जात नाही त्याने मुदत ठरवायची, अन् ज्याच्या घरी दिवसदिवस येत नाही त्याने ती मुदत पाळायची. माझ्या अंगाची नुसती लाहीलाही झाली. मी फोन ठेवला, मागणी पुन्हा उघडली अन् परवान्यांची ती यादी साधनाच्या पोटातच भरून टाकली. काम किती निघालं? एका दुपारचं. एवढ्यासाठी ते इतकी वर्षं लोंबकळत होतं. मागणीखाली लिहिलं, झालंय, वापरून बघ.

वेचणी आटोपल्यावर तिचं उत्तर आलं.

"मॅडम, उशीर झाला, माफ करा. मी कापूस वेचायले गेलती. मधात एकदा टेकडीवर गेली तवा मागणी बंद झाली दिसली, मले वाटलं आता काही होत नाही. लॅपटॉप कॉलेजचा होता, तो परत द्यायचा होता म्हणून प्रोग्राम पुसून टाकला. दुसरीकडं ठेवला नव्हता. तुम्ही बंद केली ते बरोबरच केलं, चूक माझीच हाय."

मी ते मित्राला फोनवर वाचून दाखवलं.

"बघ," तो म्हणाला, "तिलाही पटलंय."

त्यानंतर मी तोंडाला येईल ते बोलले. त्यातला एक शब्दही मी आजवर मागे घेतलेला नाही.