मामांची उचकी आणि मामीचं नाव

अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या यंत्रमागांच्या खडखडाटात जन्म काढल्यामुळे आमचे धोंडिराममामा इतक्या मोठ्याने बोलायचे, की घरात मीठ मागितलं तर शेजारी आणून द्यायचे. अशा माणसाच्या मेंदूत रक्तस्राव झाला. ऑपरेशन होऊन घरी आले ते सगळ्यांची नावं विसरून, वर उचकी घेऊन. जेवताना हुक्क, झोपेत हुक्क!

डॉक्टरांनी गोळी दिली आणि बजावलं, "दचकवू नका, बीपी वाढेल." पण आपल्या लोकांना दुसरं सुचतंय कुठं? शेजारचा जोतिराम पलंगामागून 'भ्वाँ' करायला आला. मीनामामीने लाटणं उगारलं आणि तोच दचकून पळाला.

मग उरला आठवणीचा उपाय. आठवण काढणाऱ्याचं नाव घेतलं की उचकी थांबते म्हणतात. निदान नावं तरी परत येतील म्हणून मी, त्यांची भाची, उशाशी बसले.

"कोण आठवण काढतंय, मामा?"

खूप जोर लावून ते म्हणाले, "सं... संघपाल."

पोराचं नाव आलं! मामी रडलीच. पुढच्या उचक्यांना मोहोळची बहीण आली, मुकादम आला, चहावाला आला. एकदा तर लहानपणीची शेळी आली, बिजली. ती मेल्याला जमाना झाला, पण आठवण काढत होती म्हणे! उचकी मात्र हटेना आणि मामीचं नाव येईना.

"शेळी आठवली व्हय?" घास भरवता भरवता मामी म्हणाली. "आन मी? माजंच नाव पुसलं का काय?" हसत म्हणाली, पण मान वर केली नाही. मला फार वाईट वाटलं.

डॉक्टरांनी गोळी बदलली आणि उचकी थांबली. आता नाव विचारायला निमित्तही उरलं नाही. दुसऱ्या दिवशी मामी, आजारपणानंतर पहिल्यांदाच, मला मामांपाशी बसवून बाजारात निघाली. ती दाराबाहेर पडली मात्र, मामा उशीवरून उठून बसले.

"हुक्क!"

चक्क खोटी उचकी, तोंडाने काढलेली.

"कोण, मामा?"

"मीना," ते म्हणाले. "मीना आठवण काढतीया."

"मग इतके दिवस का नाही सांगितलं?"

"हितंच तर... बसल्याली. कशाला काढंल आठवण?"

मामी चप्पल अडकवत दाराबाहेरच उभी होती. "मी कशाला आठवण काढू? मी पिशवी शोधतीया!" ती ओरडली आणि डोळे पुसत बाजारात गेली.

आता ती कोथिंबिरीला वेगळी जाते, मिरच्यांना वेगळी, आणि दाराबाहेर जरा वेळ थांबते.