सोलणावळीचा नवा दर

मल्कांती एकनायकेचा लंडनच्या संस्थेचा शेवटचा पेपर पास होऊन सुटला तेव्हा ती चव्वेचाळीस वर्षांची होती. तिच्याबरोबर पहिल्या वर्गाला बसलेल्या मुलींपैकी दोघी मेलबर्नला होत्या, एक दुबईला, आणि एकीने नाद सोडून केकचं दुकान काढलं होतं. तिचंच सगळ्यांत बरं चाललं होतं म्हणतात.

श्रीलंकेत गिरिउल्लाच्या बाजूला नारळ जसे घरोघरी, तसं मॅनेजमेंट अकाउंटिंगही घरोघरी. कुणाचा तरी पुतण्या, कुणाची तरी भाची ते करत असायचीच. डॉक्टर होता आलं नाही, इंजिनिअर होता आलं नाही, की हे. घरी बसून, नोकरी सांभाळून करता येतं म्हणून बायका करायच्या, आणि घरी बसून, नोकरी सांभाळून करायचं म्हणूनच ते संपायचं नाही. रविवारच्या पेपरातल्या लग्नाच्या जाहिरातींत 'निम्म्या परीक्षा उत्तीर्ण' हीसुद्धा पात्रता धरत. मल्कांतीच्या जाहिरातीत तेच छापलं होतं. उपालीच्या आईने त्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारली आणि तारीख ठरवली. पुढची एकवीस वर्षं सून निम्मीच राहिली, तेव्हा सासूने पेन्सिलीचा विषय काढणं बंद केलं.

मधे मुलगी झाली, सासऱ्यांचं पोट चिरलं, दोनदा घरावर पत्रे टाकले. प्रत्येक वेळी एखादा पेपर पुढे गेला. शनिवारी पहाटे साडेचारच्या बसने कोलंबो, बंबलपिटियात दोनशे पोरांच्या वर्गात मागचा बाक, संध्याकाळी परत. फी पौंडात. एका वर्षी रुपया असा घसरला की आदल्या महिन्यात एका पेपरच्या फीचे जे पैसे बाजूला काढले होते, त्यात अर्धा पेपरही येईना. मल्कांतीने दोन बांगड्या बँकेत गहाण टाकल्या. उपाली बस डेपोत वेळा लिहायचं काम करायचा. तो शेजाऱ्याला म्हणाला, "इंग्रजांची राणी गेली, तरी आमच्या घरातून तिचा हप्ता काही थांबला नाही." मल्कांतीने हे आतून ऐकलं आणि डाळीला फोडणी घातली.

शेवटचा पेपर सुटल्यावर सासूने किरिबत केलं. नारळाच्या दुधातला भात, वड्या कापून, वर लाल मिरचीची चटणी. शेजारी वाटल्या. पण परीक्षा सुटली म्हणजे नावापुढे अक्षरं लागली असं नव्हतं. त्यासाठी एक कागद राहिला होता. तीन वर्षं खरोखर हे काम केलं, त्यातून धंद्याला काय झालं, हे स्वतः लिहायचं आणि मालकाने त्यावर सही करायची. अक्षरं लागली तरच पगार बदलणार होता, बांगड्या सुटणार होत्या. आणि मुलगी पुढच्या वर्षी बारावीला. तिच्या शिकवण्या आत्ताच सुरू झाल्या होत्या.

मालक म्हणजे समरकोडी महत्तया, तिकडे साहेबाला महत्तया म्हणतात. त्यांची खोबऱ्याची गिरणी. रोज पंधरा हजार नारळ येत. पुरुष कुऱ्हाडीने करवंटी उडवत, बायका सुरीने वरची तपकिरी साल काढत, मग पांढरं खोबरं धुऊन, किसून, वाळवून पिशव्यांत भरून परदेशी जाई. साल वाया जात नसे. शेडच्या मागे महत्तयांच्या मेहुण्याचा तेलाचा घाणा होता, तो ती साल महिन्याच्या ठरावीक रकमेत उचलत असे. किती उचलतो हे कुणी बघत नव्हतं. टोपल्या भरल्या की गेल्या.

मल्कांती तिथे वह्या लिहायला लागली होती. पण नुसता हिशेबनीस झालं ते लिहितो, आणि तिचं शिक्षण पुढे काय करावं ते सांगण्याचं. म्हणून मागल्या वर्षी, साल काढणाऱ्या बायका कमी पडायला लागल्या आणि नारळ संध्याकाळपर्यंत तसेच पडून राहायला लागले, तेव्हा महत्तयांनी तिला बोलावून विचारलं की तुझ्या लंडनवाल्यांनी यावर काही शिकवलंय का.

शिकवलं होतं. मल्कांती अकरा दिवस शेडमध्ये मोबाइलचं घड्याळ लावून उभी राहिली. कोण तासाला किती नारळ सोलते ते लिहिलं, सरासरी काढली, आणि नवा दर बसवला. रोजच्या ठरलेल्या नारळांपर्यंत जुनी सोलणावळ, त्यावर जास्तीच्या प्रत्येक शंभराला बक्षीस. बायकांनी तिला 'घड्याळ मिस' नाव ठेवलं. ती जवळून गेली की एखादी दुसरीला मोठ्याने वेळ विचारायची. मग पहिल्या महिन्याचं बक्षीस हातात पडलं आणि नाव आपोआप गळून गेलं. नारळ दुपारी तीनला संपू लागले. महत्तयांनी पाहुण्यांना शेड दाखवताना मल्कांतीकडे बोट करायला सुरुवात केली. तिने कागदावर कामाच्या रकान्यात हेच लिहिलं. दुसरं लिहिण्यासारखं तिच्याकडे फारसं नव्हतंही.

सही अवुरुदूला, म्हणजे नव्या वर्षाला करायची ठरलं. सुट्टीनंतर गिरणी उघडते ती पंचांगातल्या मुहूर्तावर. समई लावून, पूर्वेकडे तोंड करून महत्तया वर्षाचं पहिलं काम करतात, ते नेहमी सहीचं असतं. यंदाची पहिली सही तुझ्या कागदावर, असं ते स्वतःहून म्हणाले. ही बातमी सासूने विहिरीपर्यंत पोचवली.

एकच गोष्ट मल्कांतीला टोचत होती. पूर्वी हजार नारळांतून एकशे अठ्ठावीस किलो वाळला कीस निघायचा. नवा दर लागल्यापासून तो दर महिन्याला थोडाथोडा उतरत एकशे एकवीसवर आला होता. सगळे म्हणत, पाऊस नाही, नारळ बारीक झालेत. मल्कांतीनेही दोन महिने अहवालात दुष्काळच लिहिला. मग एकदा तिने बागवाल्यांकडून वजनाच्या पावत्या मागवल्या. नारळ बारीक झाले होते, पण इतके नाही.

एप्रिलच्या पौर्णिमेला, पोयाला, गिरणी बंद असते. मल्कांती देवळात गेली तर बोधिवृक्षाच्या पारावर गुणावती अक्का पांढऱ्या साडीत बसलेली. गिरणीतली सगळ्यांत जुनी सोलणारी, चाळीस वर्षांचा हात. सगळा गाव तिला अक्काच म्हणे. नव्या दरात तिला सात महिन्यांत एकदाही बक्षीस मिळालं नव्हतं. मल्कांतीच्या तक्त्यात तिचं नाव तळाला होतं, आणि तिच्या जागी तरुण बाई घ्यावी असं महत्तयांनी दोनदा सुचवलं होतं. मल्कांती शेजारी बसली. इकडचं तिकडचं झाल्यावर तिने विचारलं, "अक्का, तुमचा हात इतका मागे का पडतो?"

"आज अष्टशील घेतलंय मी, खोटं बोलता येत नाही," गुणावती म्हणाली. "काल विचारलं असतंस तर वय झालं म्हणून सुटले असते."

"मग आज काय म्हणाल?"

"हात मागे नाही, दुवे." लेकीला म्हणतात तसं ती दुवे म्हणाली. "मी साल काढते. त्या पोरी खोबरं काढतात. सुरी जोरात फिरवली की खोलच जाते, ती काय थांबून विचारते का, कुठवर जाऊ म्हणून? तू घड्याळ लावलंस. टोपलीत काय पडतंय ते कुठे बघितलंस?"

"सात महिने तुम्ही बोलला नाहीत."

"पोरींच्या पानात मासा पडायला लागला होता. तो काढून मला काय मिळणार होतं? आणि तू तरी कधी विचारलंस? तू तर तक्त्यात बघत होतीस."

देवळात प्रवचन सुरू झालं तेव्हा मल्कांती उठली, आणि प्रवचनभर तिच्या डोक्यात टोपल्याच होत्या.

दुसऱ्या दिवशी तिने कँटीनमधला भाजीचा काटा शेडमध्ये आणवला. शंभर नारळांची साल, आधी गुणावतीची, मग सगळ्यांत जास्त बक्षीस मिळवणाऱ्या तिघींची. गुणावतीची चार किलो भरली, आणि ती हातात धरली तर पलीकडचं बोट दिसत होतं. तिघींची सहा, सव्वासहा, साडेसहा. त्या सालींची आतली बाजू पांढरीशुभ्र होती. तेलाच्या घाण्यावर महत्तयांचा मेहुणा गेल्या चार महिन्यांपासून दुसरी पाळी चालवत होता, त्याचाही अर्थ तिला आता लागला. कुणी चोरी केली नव्हती. ज्याला जे करायला पैसे दिले होते ते त्याने केलं होतं.

सुट्टीत घरात नव्या वर्षाचे कुरकुरीत कोकिस तळत असताना तिने हिशेब मांडला. संध्याकाळची जादा मजुरी बंद झाल्याने, बक्षिसं वजा जाता, नव्या दराने नऊ लाख वाचले होते. सालीबरोबर पासष्ट लाखांचं खोबरं घाण्यात गेलं होतं. तिने आकडा दोनदा तपासला, आणि तिसऱ्यांदा उपालीकडे दिला, कारण बेरजेत तो चुकत नसे. त्याने कागद परत दिला आणि विचारलं, महत्तयांना हे कळलंय का. नाही म्हणाल्यावर तो म्हणाला, "मग सही होऊ दे. नंतर सांग. आधी दूध, मग शेण."

"सही त्याच दरावर आहे."

"सही सहीवर असते. बांगड्या आठव."

तिने बांगड्याही मांडून पाहिल्या होत्या. तिला उपालीचं चुकतंय असंही वाटलं नाही. मेलबर्नच्या मैत्रिणीला तिने फोनवर विचारलं, तर तीही तेच म्हणाली, फक्त इंग्रजीत.

मुहूर्ताच्या दिवशी सकाळी ऑफिसात समई लागली. महत्तया पांढरा सारोंग नेसून पूर्वेकडे तोंड करून बसले. टेबलावर किरिबत, केळी आणि मल्कांतीची फाइल. मुहूर्ताला सात मिनिटं होती. मल्कांतीने फाइल उघडून सहीच्या कागदावर दुसरा कागद ठेवला आणि सांगितलं की आधी हा वाचावा लागेल.

महत्तयांनी वाचला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला.

"हे कुणाला माहीत आहे?"

"गुणावती अक्काला. माझ्या नवऱ्याला. आणि आता तुम्हाला."

"वर्षाच्या पहिल्या कामाला मला पासष्ट लाखांचा तोटा वाचायला लावतेस? उद्या आणता आला नसता?"

"उद्या सही झालेली असती, महत्तया."

बाहेर फटाके लागले. मुहूर्त आला. महत्तयांनी फाइल बंद करून बाजूला सारली, नारळांच्या बिलाचा चेक पुढे ओढला आणि त्यावर वर्षाची पहिली सही केली. मग त्यांनी सगळ्यांना किरिबत दिलं, मल्कांतीलाही. नंतर ते एवढंच म्हणाले की हजाराला एकशे अठ्ठावीस परत आणून दाखव, मग तो कागद आण.

घरी सासूने तीन दिवस तिच्याशी फक्त तांदळाबद्दल बोलणं ठेवलं.

नवा दर मागे घ्यायचा तर बायका काम सोडणार, ठेवायचा तर खोबरं जाणार. मल्कांतीने घड्याळ ठेवलं आणि काटाही ठेवला. बक्षीस मिळेल, पण शंभर नारळांची साल साडेचार किलोंच्या आत असेल तर. हे सांगायला ती स्वतः शेडमध्ये गेली. सुजीवा नावाच्या मुलीने, जिने बक्षिसाच्या भरवशावर हप्त्यांनी फ्रिज घेतला होता, सगळ्यांदेखत विचारलं, "मिस, दर तुम्ही लावलात, सुरी आम्ही चालवली, आणि आता हप्ता कोण भरणार, तुमची लंडनची शाळा?" कुणी हसलं नाही. मल्कांती म्हणाली की चूक दर लावणाऱ्याची आहे, सुरीची नाही, आणि आधी दिलेलं बक्षीस कुणाकडून परत घेतलं जाणार नाही. हे तिने महत्तयांना न विचारता सांगितलं आणि मग जाऊन विचारलं. सात-आठ जणी पंधरवड्यात सोडून गेल्या. सुजीवा गेली नाही, हप्ता होता.

उरलेल्यांना तिने गुणावतीसमोर एकेक करून बसवलं. गुणावती शिकवायची म्हणजे बोलायची कमी. मनगट धरायची आणि सोडायची नाही. तिला शिकवण्याचे वेगळे पैसे द्यावेत असं मल्कांतीने लिहून दिलं. महत्तयांनी रकमेतून निम्मे कापले, पण दिले. मेहुण्याची साल वजनावर विकली जाऊ लागली, तेव्हा तो दोन महिने महत्तयांकडे जेवायला आला नाही.

जूनला एकशे तेवीस. ऑगस्टला एकशे पंचवीस, तिथेच अडकलं. ऑक्टोबरच्या शेवटी एकशे सत्तावीस, आणि मल्कांतीच्या मते या नारळात त्याहून वर काही नव्हतं. मुलीच्या शिकवणीची फी दोनदा उशिरा गेली होती. तिने कागद नव्याने लिहिला. दर कसा बसवला, तो का चुकला, किती गेलं, कसं कळलं, काय केलं. गुणावतीचं नावही घातलं. मंगळवारी दुपारी फाइल घेऊन गेली, तर शिपायाने दारातच अडवलं, राहूकाळ चालू आहे, तासाने या. आतून महत्तयांनी हाक मारली.

त्यांनी चारही पानं वाचली. एकशे सत्तावीसच का, असं विचारलं. तिने बागांचे वजनाचे कागद पुढे ठेवले. ते त्यांनी पाहिले आणि बाजूला ठेवले. मग बोट एका ओळीवर टेकवलं.

"पासष्ट लाख काढून टाक. माझ्या गिरणीचं नाव आहे यात. 'काही नुकसान झाले' लिही."

"त्यांना किती ते लागतं."

"लंडनला काय करायचंय माझं किती गेलं?"

"तुमचं किती गेलं ते नाही, महत्तया. मी किती घालवलं ते. आकडा काढला तर हे मी केलेलं काम राहत नाही. मग सही नकोच."

पंख्याने पानं उडत होती, त्यांवर महत्तयांनी तळहात ठेवला. ही अक्षरं मिळाल्यावर तू कोलंबोला जाशील, असं ते म्हणाले. विचारलं नाही, म्हणाले. मल्कांतीने सांगितलं की कपड्यांच्या एका कारखान्याने तिप्पट पगार सांगितलाय, तिने अजून उत्तर दिलेलं नाही. दुप्पट मिळाला तर राहीन, कारण बसचं भाडं आणि दोन तास वाचतात. तिप्पटीतून ते वजा केले की दुपटीच्या थोडं वरच उरतं, ते थोडं सोडायला मी तयार आहे.

"हेही मांडूनच आलीस?"

"दुसऱ्या फाइलमध्ये आहे."

त्यांनी दुसरी फाइल मागितली नाही. पेन उघडलं, शाई येईना म्हणून दोनदा झटकलं, आणि चौथ्या पानावर सही केली. पासष्ट लाख तसेच राहिले. कागद हातात देताना ते म्हणाले की दुपटीचं डिसेंबरनंतर बोलू.

मल्कांतीने कागदाच्या तीन प्रती काढल्या, एक कपाटात ठेवली. चार वाजत आले होते, काट्यावर सालींच्या टोपल्या लागल्या होत्या. उत्तर डिसेंबरपर्यंत थांबू शकतं का, हे कपड्यांच्या कारखान्याला विचारायचं तिने ठरवलं, आणि ती शेडकडे गेली.