खोलीचं वजन

आमच्या शेजारच्या खालाला जगाच्या निर्मितीच्या वेळी कुणी नुसतं विचारलं असतं, तर बालाघाटाचे डोंगर आज आहेत त्यापेक्षा हातभर डावीकडं असते आणि जास्त शोभले असते, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. खाला येऊन गेली आणि सामान जागच्या जागी राहिलं, असं घर अख्ख्या पाटोद्यात सापडायचं नाही. तिच्या नवऱ्याचं, म्हणजे खालूचं, बाजारात फर्निचरचं दुकान होतं. खालू गेला, दुकान मिटलं, पण खालाची नजर काही मिटली नाही. दारात उभी राहून ती एक डोळा बारीक करते, बाजारात बोकड पारखावा तशी खोली पारखते आणि निकाल देते, "वजन एकीकडं गेलंय." मग पदर खोचला जातो, आणि आपण निमूटपणे कपाटाचं दुसरं टोक धरायचं असतं.

एकदा गल्लीत मयत झाली. खाला भेटायला गेली, बायकांच्या गळ्यात पडली, पण हुंदका काही मोकळा होईना. शेवटी रडता रडताच तिनं कोपऱ्यातलं टीव्हीचं टेबल चार बोटं अलीकडं ओढलं आणि मग अशी धाय मोकलून रडली, की घरचेच तिची समजूत घालायला लागले. गावाबाहेरच्या एका धनगराच्या शेळ्यासुद्धा तिनं रंगानं लावल्यात म्हणे, काळ्या दोन्ही टोकांना, पांढऱ्या मधी. शेळ्या अजून तशाच बसतात असं लोक सांगतात. मी पाहायला गेलेलो नाही. खात्री असलेल्या गोष्टी पाहायला कोण जातं? एका हौशी माणसानं नव्या घराला बाहेरून पोपटी, आतून जांभळा आणि छताला सोनेरी रंग दिला आणि कौतुकानं खालाला बोलावलं. ती उंबऱ्यावरच थबकली. "घर हाय का वरातीची घोडी, बे?" माणूस रुसला, पण पुढच्या आठवड्यात त्याच्या भिंती सायीच्या रंगाच्या झाल्या. आता त्या घरात शिरलं की भांडकुदळ माणसाचाही आवाज आपोआप खाली येतो.

आमच्या घरी मात्र तिनं जे केलं, त्याला नुसतं सामान हलवणं म्हणत नाहीत. माझ्या मुलीला, स्वातीला, दोनदा पाहुणे बघून गेले होते. पद्धत ठरलेली: पाहुणे सोफ्यावर ओळीनं, पोरगी मधोमध स्टुलावर, मान खाली. दोन्ही वेळा बायकोनं तिला नंतर विचारलं, "कसा वाटला मुलगा?" आणि दोन्ही वेळा पोरगी म्हणाली, "बूट चांगले व्हते." त्या दोघांकडून पुढं काही निरोप आला नाही. तिसरं स्थळ नांदूरघाटचं. घराणं चांगलं, पोराचं मोटारी दुरुस्तीचं दुकान. तिकडून होकार आला की आपलाही होकार, असं मी मनात पक्कं करून टाकलेलं. म्हणजे पोरगी आणखी एकदा बूट बघून थेट बोहल्यावर चढणार होती.

हे खालाच्या कानावर गेलं. पाहुणे यायच्या दिवशी सकाळीच ती हजर.

"सोफा सरकव, भाऊ."

"खाला, अवो पाव्हणे येतील आता!"

"म्हनूनच सरकव. लई वजन हाय त्यांच्या बाजूला."

ज्या सोफ्यात बसलेला माणूस आधाराशिवाय उठत नाही, तो सोफा लांबच्या कोपऱ्यात गेला. स्टूल खिडकीसमोर आलं. खिडकीकडं पाठ करून हात असलेली वेताची खुर्ची. मग तिनं खिडकीचा लाल पडदा ओढून काढला.

"ऱ्हाऊ द्या की, शोभतोय."

"लाल पडद्यात सगळीच पोरं देखणी दिसत्यात," खाला म्हणाली आणि तिथं पांढरी पातळ ओढणी अडकवली.

पाहुणे आले. थोरली मंडळी सोफ्यात अशी रुतली, की मुलाच्या मामाची फक्त टोपी वर दिसत होती. मुलाला उरलं ते स्टूल. सकाळचं ऊन थेट तोंडावर. समोर खुर्चीत स्वाती, आतल्या दाराआड खाला. पोरगा थोडा वेळ डोळे मिचकावत बसला, मग म्हणाला, "ऊन येतंय. मला तुमी दिसतच न्हाईत."

स्वातीनं मान वर केली. "मला दिसतंय की सगळं."

टोपीखालून मामा खो खो हसला. पोराचे कान लाल झाले, पण तोही हसला. "मग घ्या बघून. मी बसतो असाच."

आणि बसला. तिनं विचारलं त्याची उत्तरं देत, घाम पुसत, उन्हातच. पाहुणे गेल्यावर बायकोनं नेहमीचा प्रश्न विचारला. "अगं आई," स्वाती म्हणाली, "बूट बघायचे ऱ्हायलेच." होकार तिनंच दिला. माझ्या पक्क्या निर्णयाची कुणी चौकशीसुद्धा केली नाही.

लग्नानंतर आम्ही खालाला घेऊन नांदूरघाटला गेलो. स्वातीच्या खोलीत गुलाबी भिंतीवर हिरवा पडदा आणि अर्धी खिडकी झाकून उभं असलेलं कपाट! मी टोक धरायच्या तयारीत उभा राहिलो. खालाचा डोळा बारीक झाला. पण पदर काही खोचला गेला नाही. तिनं दोन्ही हातांनी चहाचा कप गच्च धरला, आणि चहा संपला तरी सोडला नाही.

परतताना जीपमध्ये मी विचारलं, "कपाट कावून सोडलं, खाला?"

"तिचं घर हाय. तिला वाटंल तवा सरकवंल." मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मी खालूला निकाह झाल्यावरच बघितलं, भाऊ. चांगला निघाला माणूस." तिनं पदर सारखा केला. "पन निघाला म्हनून."

मी जरा आत सरकून बसलो, आणि खिडकी सगळी तिच्याकडं राहू दिली.