रोज घेतो, मावशी
सर्दीवरच्या गोळ्या आणि आल्या-मधाचे अर्क विकण्यात त्याचे केस पिकले होते, आणि आठवडाभर तोच नाक पुसत दुकानात बसला होता. "शिंकायचं तर आत जाऊन शिंका, गिऱ्हाईक पळेल," असं बायकोने दहादा बजावलं होतं. तेवढ्यात शेजारच्या मावशींनी गोळ्यांचा डबा उचलून विचारलं, "हे तुम्ही स्वतः घेता का?"

आज थापा मारायचाही त्याला वीट आला होता. "रोज घेतो, मावशी. तरी बघा, नाकाची धार थांबत नाही. काडीचा उपयोग नाही."

मावशी विचारात पडल्या. "अगं बाई, मग न घेता काय गत झाली असती," म्हणत त्यांनी आणखी एक डबा उचलला.

खरं बोलायचीही सोय राहिली नाही, असं पुटपुटत त्याने पिशवी भरली.